पस्तिसावी फळी

अस्नोड्याच्या पुलाअलीकडे, टायरवाल्याच्या मागे
पुंडलीक मेस्तांची पत्र्याची शेड.
पहिल्या दिवशी त्यांनी मला मशीन दाखवलंच नाही.
बांगड्या काढायला लावल्या,
ओढणी खुंटीला, वेणीचा अंबाडा,
आणि म्हणाले, आता झाडू घे.
जमिनीवर भुसा असला की पाय सरकतो.
पाय सरकला की हात कुठं जायचं
ते कुणाला विचारून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पातं.
सुतळीहून बारीक, दात खाली बघणारे.
उलटं बसवलंस, बाये, तर लाकूड उडी मारतं
बेडकासारखं, थेट तोंडावर.
ताणून झालं की नखानं छेड:
टण्ण वाजलं तर बरं,
ढप्प वाजलं तर अजून अर्धा आटा.
मी दुपारभर छेडत बसले.
टायरवाला विचारून गेला, आज काय, आरत्या?

मोठ्या करवतीसारखी ही गुरगुरत नाही.
शिवणयंत्रासारखी चालते,
म्हणून माणूस तिच्याशी शिवणयंत्रासारखाच वागतो
आणि बोट पुढ्यात ठेवून गप्पा मारतो.
बोटं बाजूला. पात्याच्या वाटेवर कुणी उभं राहायचं नाही.
लाकूड ढकलू नको, भरव.
भुसा हातानं झटकू नको, कुंचला कशाला ठेवलाय?
पातं तुटलं तर खटका बंद, हात मांडीवर,
आणि ती पूर्ण थांबेपर्यंत
देवाचं नाव घे, नाहीतर वाण्याची उधारी आठव.

मेस्तांची डावी तर्जनी अर्धीच आहे.
मी दोनदा विचारलं.
एकदा म्हणाले, रंधा.
एकदा म्हणाले, सुसर.

कोलवाळच्या बर्नादेतबाईंनी
वर्तमानपत्रात गुंडाळून एक तुकडा आणला होता,
त्यांच्या बल्कांवच्या छपराची झालर,
अर्धी वाळवीनं वाचलेली.
द्राक्षाचं पान, म्हणाल्या त्या.
पण कापणाऱ्यानं द्राक्षाचा वेल पाहिलेला नसावा,
पान सरळसरळ पपईचं होतं.
तसंच हवं, म्हणाल्या. चाळीस फळ्या. फणसाच्या.
दर फळीला पाच भोकं,
दर भोकातून पातं सोडायचं, ओवायचं, ताणायचं,
टण्ण.

चौतीस झाल्या आणि वीज गेली.
पावणेचारचा सुमार. पंखा फिरत फिरत थकला.
मेस्त म्हणाले, तेवढ्यात हिच्यात पातं ओवून घेऊ,
आणि पत्र्याच्या फटीतल्या उजेडात वाकले.
वरची पकड सैल, टोक भोकात,
अंगठा आणि ते अर्धं बोट
दातांना लागून.

खटका चालूच होता.

मला ते दिसलं असं म्हणता येणार नाही.
पाय भिंतीपाशी गेले होते
आणि हातात प्लग होता.
मेस्त ओरडले, वायर धरून उपटलास?
किती वेळा सांगितलं, प्लग धरावा, वायर नाही, उद्या तुटली म्हणजे
आणि ट्यूब लुकलुकली.

पंखा सुरू झाला.
रेडिओवर कुणीतरी अर्ध्या वाक्यापासून
मिरचीचे भाव सांगू लागलं.
रस्त्यावर पोदेराचा भोंगा, पोंक, पोंक.
पातं तेवढं गप्प होतं,
त्यांच्या चिमटीत, पपईच्या पानात.

मेस्तांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
खटक्याकडे पाहिलं.
मग तो बंद केला, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावावं तसा.
ही कितवी?
पस्तिसावी.
हां, म्हणाले. लाव प्लग. मी सांगेन तेव्हा.

संध्याकाळी नळावर हात धुताना
ते अर्धं बोट त्यांनी पाण्याखाली
जरा जास्त वेळ धरलं.
तेव्हाही वीजच आली होती, म्हणाले,
आणि नळ घट्ट पिळला.
मग सायकलच्या पिशवीतून दोन उंडे काढून
माझ्या ओढणीच्या टोकात बांधले.
जा. गार होतील.